लांडगे, वासरू आणि मृत्यूची नोंद: जेकब कारपेंटरची वही वाचायची कशी

फ्रँकी डेव्हिस, वय ८७, वारली १० सप्टेंबर १८४२. इथपर्यंत वाचलं की वाटतं चला, कुठल्यातरी जुन्या रजिस्टरमधली ओळ आहे, नाव, वय, तारीख, झालं. पण पुढे तो माणूस लिहितो की हिच्या अंगात जिगर होती, साखरेच्या कॅम्पवर रात्रभर लांडग्यांशी झुंजली, वासरू वाचवायला, पेटती लाकडं फेकत होती त्यांच्यावर, कॅम्प घरापासून अर्धा मैल लांब, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, की रात्रभर लांडग्यांशी लढायचं म्हणजे जिगर असणारच ना हिच्यात. संपली नोंद. मेली कशाने ते नाहीच!

हे लिहिणारा जेकब कारपेंटर, लोक त्याला अंकल जेक म्हणायचे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला ॲपलेशियन डोंगररांगा आहेत, त्यात थ्री माइल क्रीक नावाचा एक ओढा, त्याच्या काठाला याचं आयुष्य गेलं. जन्म १८३३, मृत्यू १९२०. आजूबाजूला कोण कधी वारलं ते हाताने लिहून ठेवायचा, नोंदी १८४१ पासून १९१५ पर्यंतच्या. नंतर १९३५ मधे त्या डोंगराळ भागावरच्या एका पुस्तकात यातल्या बऱ्याच नोंदी छापून आल्या आणि तेव्हापासून लोक त्या गंमत म्हणून वाचतात, स्पेलिंगला हसतात आणि पुढे जातात. मला वाटतं त्या गमतीच्या नादात एक चांगली गोष्ट हातची जाते. ही वही म्हणजे जुनी कागदपत्रं वाचायला शिकायचं असेल तर अगदी मस्त सराव आहे, कारण एकाच पानावर काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अंदाजपंचे आहेत आणि काही अशा आहेत ज्या जगातल्या दुसऱ्या कुठल्याच कागदावर सापडणार नाहीत, आणि यातलं काय कुठलं ते आपण ओळखायचं.

आधी एक साधा प्रश्न, की सरकार काय करत होतं. तर उत्तर आहे, जवळपास काही नाही. नॉर्थ कॅरोलायनात राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद करायचा कायदा आला १९१३ मधे. तेव्हा जेकब ऐंशीचा होता आणि त्याची वही संपत आली होती. त्याआधी एकच सरकारी जाळं होतं, ते म्हणजे दहा वर्षांनी होणारी जनगणना. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० च्या जनगणनेत एक वेगळा तक्ता असायचा, त्याला मॉर्टॅलिटी शेड्यूल म्हणतात, त्यात गणनेवाला घरोघरी जाऊन विचारायचा की गेल्या बारा महिन्यांत तुमच्याकडे कोणी वारलं का, वय काय, कुठल्या महिन्यात, कशाने. बारा महिने म्हणजे आधीच्या वर्षीच्या १ जूनपासून त्या वर्षीच्या ३१ मेपर्यंत. म्हणजे बघा, दहा वर्षांतलं एक वर्ष, बाकी नऊ वर्षांत मेलेल्यांशी सरकारला काही देणंघेणं नाही. आणि त्या एका वर्षातलेही बरेच सुटायचे, कारण घरचं कर्तं माणूस गेलं आणि बाकीचे दुसरीकडे राहायला गेले की सांगणारंच कोणी उरत नाही.

आता या लेखात मी जेकबच्या पाच नोंदी घेणार आहे. फ्रँकीची सांगितली. तिचा नवरा विल्यम डेव्हिस, ५ ऑक्टोबर १८४१. चार्ली किनी, १० मे १८५२. लोनी ऑलिस, १० जून १८७१. जो सिंग, १५ नोव्हेंबर १८९०. (सिंग हे त्या वहीतलं आडनाव आहे, आपल्याकडचा सिंग नव्हे.) ते बारा-बारा महिन्यांचे चार तुकडे डोळ्यासमोर ठेवा आणि एकेक तारीख लावून बघा. पाचातली एकही त्या तुकड्यांत बसत नाही. जेकबने लिहिलं नसतं तर या पाच जणांच्या मरणाची ओळ कदाचित कुठेच सापडली नसती.

या तारखा वर वाचताना काही खटकलं का? परत बघा, ५, १०, १०, १०, १५. महिन्यात पाचने भाग जाणाऱ्या तारखा साधारण सहा, म्हणजे तीस दिवसांत सहा, पाचात एक. कोणी मरताना तारीख बघून मरत नाही, तेव्हा सलग पाच माणसं अशाच तारखांना मरायची शक्यता धरली तर तीन हजारात एकाच्याही खाली येते. अर्थात मी वहीतल्या गाजलेल्या नोंदी उचलल्यात, पूर्ण वहीचा हिशोब केलेला नाही, त्यामुळे हा आकडा कोर्टात टिकायचा नाही, पण वास यायला पुरेसा आहे. लोकसंख्याशास्त्रात याला हीपिंग म्हणतात, ढीग लागणं. माणसाला नेमकं आठवत नसलं की तो ० आणि ५ ला जाऊन टेकतो. आपण नाही का दहा-पंधरा दिवसांपूर्वी म्हणतो, अकरा-चौदा दिवसांपूर्वी कोणी म्हणेल का? वयाच्या बाबतीत हे मोजायला व्हिपल इंडेक्स नावाचं एक साधं माप आहे, त्यात २३ ते ६२ वयाची माणसं घ्यायची आणि किती जणांचं वय ० किंवा ५ ने संपतं ते बघायचं, सगळे खरं सांगत असतील तर उत्तर १०० च्या जवळ येतं आणि सगळेच्या सगळे गोल आकडा सांगत असतील तर ५००. लोकांना आपलं वय नीट माहीत नसतं तिथे हे माप लगेच वर चढतं.

मग जेकब खोटं लिहितोय का? नाही हो. तो आठवून लिहितोय, एवढंच. विल्यम डेव्हिस वारला तेव्हा जेकब आठ वर्षांचा. आठ वर्षांचं पोर शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयताची तारीख वहीत टिपून ठेवत नसतं, म्हणजे निदान पहिल्या नोंदी तरी मोठेपणी मागे बघून लिहिलेल्या असणार, कोणाकोणाकडून ऐकून. तेव्हा आपण वाचताना काय करायचं, तर वर्ष बऱ्यापैकी धरायचं, महिना जरा सैल धरायचा आणि दिवसाचा आकडा म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला की मधे एवढ्यावर सोडून द्यायचं. पण होतं काय, वंशावळी करणारे लोक ती तारीख तशीच उचलतात, ऑनलाइन वंशवृक्षात टाकतात, तिथून ती पन्नास झाडांत कॉपी होते आणि मग पन्नास ठिकाणी आहे म्हणजे खरीच असणार असं होऊन बसतं. एका म्हाताऱ्याचा अंदाज, पन्नास वेळा छापला तरी अंदाजच. याचा मला खरंच राग येतो.

विल्यमच्याच नोंदीत वय शंभरच्या वर दिलंय. शंभरी पार केलेला माणूस जुन्या कागदावर दिसला की आधी भुवया उंचवायच्या, कारण जिथे जन्माचे दाखले नसतात तिथे शतायुषी लोक जरा जास्तच सापडतात आणि दाखले आले की कमी होतात. पण त्याच नोंदीत दुसरी एक गोष्ट आहे जी तपासता येते. जेकब लिहितो की हा क्रांतियुद्धातला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला, जुना सैनिक, किंग्ज माउंटनच्या लढाईत त्याची मांडी मोडली होती. ती लढाई ७ ऑक्टोबर १७८० ची, जेमतेम तासाभराची, डोंगरापलीकडून आलेल्या बंदूकवाल्या शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या बाजूच्या फौजेला घेरून हरवलं आणि त्यांचा सेनापती पॅट्रिक फर्ग्युसन तिथेच मारला गेला. वहीतलं वय खरं धरलं तर विल्यम तेव्हा चाळिशीला आलेला, शक्य आहे. आणि तपासायचं कुठे, तर १८३२ मधे अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, जुन्या सैनिकांना पेन्शन द्यायचा कायदा केला, त्यासाठी म्हाताऱ्यांना कोर्टात उभं राहून शपथेवर सांगावं लागायचं की मी कुठे लढलो, कोणाच्या हाताखाली, कुठे जखमी झालो. त्या फाइली आजही आहेत. म्हणजे वहीने दिशा दाखवायची आणि दुसऱ्या कागदाने हो किंवा नाही म्हणायचं, असं काम चालतं. नोंदीच्या शेवटी जेकब आणखी एक टाकतो, की हा शेतकरी होता, ब्रँडी गाळायचा, आणि घरात एकही दारुडा निघाला नाही. आता हे कुठल्या फाइलीत तपासणार?

मी एकदा या नोंदी एक्सेलमधे भरायला बसलो होतो. नाव, वय, तारीख, मृत्यूचं कारण, शेरा, असे पाच कॉलम केले. फ्रँकीपाशी आलो आणि कारणाचा कॉलम रिकामा, शेऱ्याच्या कॉलममधे लांडगे. लोनी ऑलिसपाशी आलो, कारण रिकामं, शेऱ्यात हरणांचा मोठा शिकारी, मधासाठी मधमाश्यांची झाडं फोडायचा, रॅटलस्नेक शेकड्याने मारले, हरणं हजारांनी. जो सिंगपाशी आलो, कारण रिकामं, शेरा एवढाच की रात्री चोऱ्या करायचा आणि दिवसा कुंपणाची लाकडं फोडायचा. तिसऱ्या नोंदीला माझ्या डोक्यात उजेड पडला की कॉलम मी चुकीचे केलेत. ही मरणाची वही आहे असं आपण म्हणतो, पण मरण हे त्याच्यासाठी फक्त लिहायचं निमित्त, माणूस गेला म्हणजे त्याचा हिशोब आता पूर्ण झाला, आता एका ओळीत सांगता येईल तो कसा होता.

आणि तसं वाचलं की त्या शेऱ्यांमधून भलतंच काही बाहेर यायला लागतं. फ्रँकीचं घ्या. साखरेचा कॅम्प म्हणजे मेपल झाडाला खाच पाडून रस गोळा करायचा आणि रानातच मोठ्या कढईत आटवायचा, आपलं गुऱ्हाळ म्हणा, फक्त उसाऐवजी झाड. हे काम हिवाळा सरता सरता चालतं, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊन असं असलं की रस सुटतो. रस आटवायचा म्हणजे जाळ सतत हवा, म्हणूनच तिच्या हाताशी कोलितं होती! जेकबने हे काही समजावून सांगितलेलं नाही, त्याच्या वाचणाऱ्याला ते माहीतच होतं, पण आपण जोडलं की ती रात्र दिसते, जाळापाशी बाई, मागे वासरू, आणि अंधारात डोळे. शिवाय त्या भागात तेव्हा लांडगे होते, घरापासून अर्ध्या मैलावर येत होते, हेही कळतं. आज तिथे लांडगा नाही. लोनीची हजारो हरणं फुगवलेली असतील, शिकाऱ्याचे आकडे कधी कोणी कमी सांगितलेत, पण हजारांनी मारली असं कोणी अभिमानाने लिहावं आणि शतक संपेपर्यंत त्या राज्यात हरणं संपत यावीत, यात काही संबंध आहेच की.

सगळ्यात भारी नोंद मात्र चार्ली किनीची. वय ७२, ब्लू रिजवर डोंगरात राहणारा शेतकरी. चार बायका, लग्न एकीशी, बाकीच्या तिघी शेतावरच राहायच्या. सगळ्या शेतात राबायच्या, सगळ्यांनी एकाच कणगीतून धान्य न्यायचं आणि एकाच धुरीच्या कोठीतून मांस. वर्षाला पंच्याहत्तर-ऐंशी डुकरं कापायचा. पोरं बेचाळीस. सगळे मिळून चर्चला जायचे आणि कोणी काही बोलायचं नाही, कोणाशी वैर नाही. आणि मधेच जेकबची टिप्पणी, की आताचे दिवस असते तर झिंज्या उपटल्या गेल्या असत्या. (हे मी मराठी करून घातलेलं नाही, त्याने खरंच केस उपटण्याचंच लिहिलंय.)

आता हाच चार्ली सरकारी कागदात कसा दिसला असता ते बघा. १८५० ची जनगणना ही अमेरिकेतली पहिली, जिच्यात घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव लिहिलं गेलं, त्याआधी फक्त घरच्या कर्त्याचं नाव आणि बाकी आकडे. पण १८५० च्या तक्त्यात कोण कोणाचं कोण लागतं हा रकानाच नव्हता, तो आला १८८० मधे. म्हणजे असं घर त्या कागदावर नुसती नावांची रांग म्हणून दिसतं, एक पुरुष, काही बायका, ढीगभर पोरं, आणि ही बहीण की मोलकरीण की विधवा वहिनी, ते वाचणाऱ्याने डोकं खाजवत बसायचं. डुकरांची गोष्ट तेवढी पडताळता येते कारण त्याच जनगणनेत शेतीचा वेगळा तक्ता होता आणि त्यात डुकरं मोजलेली असत. डुकरांचा रकाना होता, नात्यांचा नव्हता, आता काय बोलायचं!

आणि त्या झिंज्यांच्या वाक्यावरून आणखी एक कळतं, की ही नोंद १८५२ ची नाही. "आताचे दिवस" म्हणणारा माणूस बराच पुढे बसून मागे बघतोय. कागदावरच्या तारखेपेक्षा कागदाचं वय वेगळं असू शकतं, हा नियम इतिहासवाले पहिल्या वर्षाला शिकतात, इथे तो एका वाक्यात सापडतो.

कारणांचं काय, तर त्या काळात त्या डोंगरांत लोक जी कारणं सांगायचे त्यांचंही भाषांतर जपून करावं लागतं. फ्लक्स म्हणजे जुलाब-हगवण, कन्झम्प्शन म्हणजे बहुतेक वेळा क्षय, इथपर्यंत ठीक. पण ड्रॉप्सी म्हणजे अंगावर सूज, ती हृदयाने येते, मूत्रपिंडाने येते, यकृतानेही येते, मग ती कुठल्या खान्यात टाकणार? आणि नुसतं फीव्हर लिहिलं असेल तर त्यात टायफॉइडपासून काहीही. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादीच १८९३ मधे आली, झाक बर्तियों नावाच्या फ्रेंच माणसाने केलेली, त्यामुळे त्याआधीच्या माणसाने आजच्या यादीतला शब्द लिहावा अशी अपेक्षाच चूक. उलट कधीकधी लोकांचाच शब्द बरोबर निघतो. त्या डोंगरांत आणि पश्चिमेकडे मिल्क सिकनेस म्हणजे दुधाचा आजार म्हणायचे, गाय एक रानटी झुडूप खायची, व्हाइट स्नेकरूट, त्याचं विष दुधात उतरायचं आणि दूध पिणारा मरायचा, अब्राहम लिंकनची आई १८१८ मधे इंडियानात यानेच गेली असं मानतात. शास्त्रज्ञांनी ते विष पक्कं शोधलं १९२८ च्या सुमारास, पण नाव तर लोकांनी शंभर वर्षं आधीच बरोबर ठेवलं होतं, दुधाने होतंय म्हणून. आजही जिथे डॉक्टरचा दाखला मिळत नाही तिथे व्हर्बल ऑटॉप्सी करतात, घरच्यांना विचारतात की ताप होता का, किती दिवस, श्वास लागत होता का, आणि त्यावरून कारण ठरवतात. शेजाऱ्याच्या सांगण्याला किंमत आहे, फक्त प्रश्न नीट विचारावे लागतात.

स्पेलिंगबद्दल थोडं, कारण हसणारे तिथेच हसतात. जेकब डाइड हा शब्द डी-आय-डी-ई लिहितो, किल्डची सुरुवात सी ने करतो, वॉज लिहायच्या जागी डब्ल्यू-ए-आर-एस, म्हणजे वॉर्स. आपल्याला देवनागरीत बोलू तसं लिहायची सवय, त्यामुळे यात काय चुकलं ते पटकन कळतच नाही, पण इंग्रजीत बोलणं आणि लिहिणं यात दरी असते आणि ज्याला शाळेचं स्पेलिंग पाठ नाही तो कानाला ऐकू येतं तसं लिहितो. म्हणून तर भाषेच्या अभ्यासकाला असला कागद सोन्यासारखा, शाळा शिकलेल्याने वॉज लिहिलं असतं आणि त्या खोऱ्यात लोक तो शब्द कसा उच्चारायचे ते कायमचं झाकलं गेलं असतं. छापताना कोणी भलं करायला म्हणून स्पेलिंग सुधारून छापलं तर तो पुरावाच पुसला जातो. अक्षरशः तसंच उतरवायचं, चूक वाटली तरी, आणि आपलं मत बाजूला वेगळं लिहायचं.

कोण नाही या वहीत, हेही बघावं लागतं. एका माणसाच्या ओळखीपाळखीची ही वही, त्याच्या ओढ्याकाठची. कोण लिहिण्यासारखं आणि कोण नाही हे तोच ठरवणार, आणि पाळण्यातच गेलेल्या बाळाबद्दल शेरा तरी काय लिहायचा. त्यामुळे या वहीवरून त्या भागात किती टक्के लोक कशाने मरायचे असला हिशोब करायला जाऊ नये, तो निघणार नाही. गावाचं नाव शोधतानाही घोळ होतो, कारण तो ओढा आज ज्या एव्हरी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतो ती झाली १९११ मधे, त्याआधी मिचेल, आणि मिचेल स्वतः १८६१ मधली. माणूस तिथेच, ओढा तिथेच, पण कागद वेगवेगळ्या कचेऱ्यांत.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी मला बरीच उशिरा दिसली. चार्लीच्या आणि लोनीच्या नोंदीच्या टोकाला जेकब दोन-तीन शब्द जोडतो, मी याला ओळखत होतो. चार्ली गेला तेव्हा जेकब एकोणीसचा, लोनी गेला तेव्हा अडतीसचा, म्हणजे बरोबर आहे, ओळखत असणारच. विल्यम आणि फ्रँकीच्या नोंदीत ते शब्द नाहीत. ऐकीव कुठलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं कुठलं याची खूण त्याने स्वतःच करून ठेवलीय, कोणी न शिकवता.

१९१३ नंतर आलेल्या सरकारी फॉर्मवर याच खुणेसाठी एक ओळ असायची, इन्फॉर्मंट, म्हणजे माहिती देणाऱ्याचं नाव, खाली पत्ता. जेकब १९२० मधे गेला म्हणजे त्याच्या वाट्याला त्या फॉर्मचाच जमाना आला. लांडगे, ब्रँडी, बेचाळीस पोरं असलं लिहायला त्यावर जागा नसते.